एक पोलिसी कार्ड आणि सहा वर्षं: थेलोनिअस मंकचं प्रकरण

१५ ऑक्टोबर १९५६. न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत पाच जण चार तास एकच ट्यून वाजवतायत. टेनर सॅक्सवर सॉनी रोलिन्स, आल्टो सॅक्सवर अर्नी हेन्री, बेसवर ऑस्कर पेटिफोर्ड, ड्रम्सवर मॅक्स रोच, आणि पियानोवर ज्याची ट्यून आहे तो स्वतः, थेलोनिअस मंक. यात कच्चा माणूस एकही नाही, रोलिन्स आणि रोच ही नावं तर जॅझमध्ये आपण जसं झाकीर भाई म्हणतो तशी घेतली जातात. तरी पंचवीस टेक झाले आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत धड गेलेला एकही टेक मिळाला नाही. पेटिफोर्ड आणि मंकची वादावादी झाली. एका टेकला बेस ऐकूच येईना म्हणून माइक तपासले तर पेटिफोर्ड नुसताच हात हलवत होता, आवाज काढतच नव्हता, असं निर्माता ऑरिन कीपन्यूजने नंतर सांगितलंय. शेवटी कीपन्यूजने वेगवेगळ्या टेकचे तुकडे कापून जोडले आणि रेकॉर्ड काढली. तीच ही 'ब्रिलियंट कॉर्नर्स', आज जॅझ ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरात असते.

हा किस्सा नेहमी एकाच अर्थाने सांगितला जातो, की बघा मंकच्या ट्यून्स किती अवघड. ते खरंच आहे. मी स्वतः मांडीवर हात ठेवून ती ट्यून मोजलीये, पहिला भाग आठ बारचा (बार म्हणजे ठराविक मात्रांचा एक गट), मधला सात, परत येतो तो सात, म्हणजे एकूण बावीस, आणि हे सगळं एकदा संथ लयीत वाजवायचं आणि लगेच दुगुनीत. ज्याच्या हाडात बत्तीस बारचं गाणं मुरलंय त्याला सातव्या बारला पायाखालची जमीन गेल्यासारखं होतं, आयुष्यभर तीनताल वाजवलेल्या तबलजीला अचानक कुणीतरी आवर्तनातली एक पूर्ण विभागणी काढून घेतली तर जे होईल तेच. पण माझं म्हणणं असं आहे की अवघडपणा ही अर्धीच गोष्ट. अवघड ट्यून महिनाभर रोज रात्री वाजवली की हाताला बसते, आपल्याकडेही साथीदार असाच तयार होतो, एका दिवसाच्या रिहर्सलवर कुणी बैठक मारत नाही. मग मंककडे तो महिना का नव्हता? न्यूयॉर्कमध्ये राहणारा, चाळिशीला टेकलेला, वीस वर्षं व्यवसायात असलेला पियानिस्ट, याच्याकडे रोज वाजवणारा स्वतःचा बँड का नव्हता? याचं उत्तर पाच वर्षं आधीच्या एका उभ्या गाडीत आहे.

आधी माणूस थोडा सांगतो. मंकचा जन्म १० ऑक्टोबर १९१७, नॉर्थ कॅरोलायनातलं रॉकी माउंट. आई बार्बरा मुलांना घेऊन १९२२ मध्ये न्यूयॉर्कला आली आणि वेस्ट ६३ व्या रस्त्यावर २४३ नंबरच्या बिल्डिंगमध्ये राहिली. मंकने जवळजवळ सगळं आयुष्य त्याच छोट्या घरात काढलं, लग्न झालं, पोरं झाली तरी तिथेच. पियानो ठेवायला जागा नाही म्हणून तो स्वयंपाकघरात. तिथल्या फोटोंमध्ये पियानोच्या आजूबाजूला भांडी-कपडे दिसतात आणि मधोमध हा टोपी घालून बसलेला. १९४१ च्या सुमारास हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाऊस नावाच्या क्लबात तो हाऊस पियानिस्ट होता, जॅझच्या ज्या नव्या शैलीला पुढे बीबॉप म्हणाले ती तिथे रात्री-अपरात्री शिजली. डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर ही मंडळी त्यातून मोठी झाली. मंक मागे राहिला. ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीने त्याची स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड १९४७ मध्ये केली तेव्हा तो तीस वर्षांचा होता, आणि त्या रेकॉर्ड्स फारशा खपल्याही नाहीत. लोक म्हणायचे याला वाजवता येत नाही. बोटं वाकवायची सोडून सपाट ठेवतो, शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबतो, आणि मध्येच हात उचलून गप्प बसतो. ते गप्प बसणं ऐकायला कान तयार व्हावे लागतात. आपल्याकडे गवई समेच्या आधी जागा सोडतो आणि सगळी बैठक श्वास धरते ना, मंक तशी जागा कुठेही सोडतो.

आता कार्ड. न्यूयॉर्कमध्ये १९४० पासून नियम होता की जिथे दारू मिळते आणि करमणूक चालते अशा कुठल्याही ठिकाणी काम करायचं असेल तर पोलिसांकडून कॅबरे कार्ड घ्यायचं. गायक, वादक, वेटर, सगळ्यांना. बोटांचे ठसे द्यायचे, फोटो द्यायचा, आणि ठराविक मुदतीने ते परत नवं करून घ्यायचं. गुन्ह्याची नोंद असली की पोलीस कार्ड काढून घेऊ शकत. आपल्याकडे कार्यक्रम करायचा तर पोलिसांचा परवाना लागतो, पण तो जागेला, कार्यक्रमाला. हा परवाना माणसाच्या अंगावर होता, तो गेला की न्यूयॉर्कमधलं एकूण एक क्लब त्याला बंद. गायिका बिली हॉलिडेचं कार्ड १९४७ मध्ये गेलं ते परत मिळालंच नाही. तिने १९४८ मध्ये कार्नेगी हॉल भरवला, कारण तिथे दारू विकत नव्हते म्हणून कार्ड लागत नव्हतं, पण कोपऱ्यावरच्या छोट्या क्लबात तिला गाता येत नव्हतं. या नियमाचा सगळा विपरीतपणा या एका उदाहरणात दिसतो. कलाकाराला शिक्षा कोर्ट देऊन मोकळं झालं, त्याने ती भोगली, आणि त्यानंतर पोलीस खातं स्वतःच्या अधिकारात दुसरी शिक्षा देत होतं जिला ठरलेली मुदतच नव्हती.

ऑगस्ट १९५१. मंक आणि बड पॉवेल एका उभ्या गाडीत बसलेले. बड मंकपेक्षा सात वर्षांनी लहान, पियानोवर आग, आणि मंकचा लाडका. मंकनेच त्याला मिंटन्समध्ये आणून बसवला होता, आणि बडनेही १९४७ मध्ये मंकची ट्यून मंकच्याही आधी रेकॉर्ड केली होती. अमली पदार्थ शोधणारे पोलीस आले. गाडीत हेरॉइनची छोटीशी पुडी सापडली, बडने ती फेकली आणि मंकच्या पायाशी पडली, असं पुढे सगळीकडे सांगितलं गेलंय. मंकने एवढंच सांगायचं होतं की माझी नाही. सांगितलं की लगेच दुसरा प्रश्न येणार होता, मग कोणाची? मंक काही बोलला नाही. बडची अवस्था तेव्हाच बिकट होती, १९४५ मध्ये पोलिसांचा मार डोक्याला बसल्यापासून तो मनोरुग्णालयात आत-बाहेर करत होता. मंकला सुमारे साठ दिवस तुरुंगवास झाला, बडची रवानगी परत इस्पितळात, आणि मंकचं कॅबरे कार्ड रद्द.

घरात तेव्हा दीड वर्षाचा मुलगा. १९५३ मध्ये मुलगी झाली. नेली, त्याची बायको, शिवणकाम आणि मिळेल ती नोकरी करून घर चालवत होती. तुरुंगातून आल्यावर मंक काय करू शकत होता तर रेकॉर्ड करू शकत होता, हॉलमधल्या कॉन्सर्टमध्ये वाजवू शकत होता, शहराबाहेर जाऊ शकत होता, आणि अधूनमधून लांबच्या वस्तीतल्या एखाद्या छोट्या क्लबात, जिथे नाव जाहिरातीत लागणार नाही अशा ठिकाणी, गुपचूप. १९५२ मध्ये प्रेस्टिज कंपनीने करार केला, १९५४ च्या जूनमध्ये पॅरिसला जाऊन आला, तिथे त्याची ओळख पॅनोनिका द कोनिग्सवॉर्टरशी झाली, रॉथशील्ड घराण्यातली बाई, सगळे तिला निका म्हणायचे, पुढे ती शेवटपर्यंत त्याच्या पाठीशी उभी राहिली. पण बाजारात त्याची किंमत काय होती ते १९५५ च्या एका व्यवहारात कळतं. रिव्हरसाइड नावाच्या नव्या कंपनीला तो हवा होता, प्रेस्टिजकडून त्याने थोडी उचल घेतलेली होती, ती फेडली की प्रेस्टिज त्याला सोडायला तयार होती. रक्कम होती १०८ डॉलर २७ सेंट. तेवढ्यावर तो मोकळा झाला. मला हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा खूप लागला होता, अजूनही लागतो.

लोक या काळाबद्दल लिहिताना नेहमी पैशाचंच बोलतात, आणि ते बरोबरच आहे, पण वादकाच्या बाजूने बघितलं तर याहून मोठं नुकसान वेळेचं आहे. जॅझचा क्लब म्हणजे आठवडेच्या आठवडे एकाच स्टेजवर, रोज रात्री दोन-तीन सेट. तिथेच बँड तयार होतो. ड्रमरला कळतं की पियानोवाला कुठे गप्प बसणार, सॅक्सवाल्याला कळतं की हा सूर चुकून आला नाहीये. रेकॉर्डिंग म्हणजे काय तर भाड्याने आणलेले चार उत्तम वादक, तीन-चार तास, आणि कागदावर लिहिलेली ट्यून, ती सुद्धा मंक पुष्कळदा आधी दाखवायचाच नाही, कानानेच उचला म्हणायचा. म्हणजे ज्याच्या संगीताला सगळ्यात जास्त सहवास लागतो त्याच्याच वाट्याला सहवास येत नव्हता. हे लक्षात ठेवून त्या पंचवीस टेकमधून जोडलेली रेकॉर्ड परत ऐका. ते पाच जण रोज एकत्र वाजवणारा बँड नव्हतेच. आणखी एक, त्या सगळ्या सेशन्समध्ये अतिशय सहज उतरलेली गोष्ट मंकने एकट्याने साधलेली आहे: निकाच्या नावाची ट्यून करताना स्टुडिओत एक सेलेस्टा पडलेला दिसला, घंटीसारखा बारीक आवाज येणारं कीबोर्ड, तो त्याने पियानोला काटकोनात ओढून घेतला आणि डाव्या हाताने पियानो, उजव्याने सेलेस्टा असं वाजवलं. ऐकताना कुणीतरी शेजारच्या खोलीत दिवा लावल्यासारखं वाटतं.

कार्ड हेच एक कारण होतं असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं प्रामाणिक होणार नाही. मंक वेळेवर यायचा नाही, दिवसच्या दिवस बोलायचा नाही, क्लबमालकांना त्याची धास्ती वाटायची, समीक्षकांनी त्याला आधीच बाजूला टाकला होता. त्याला मनाचा आजारही होता, तेव्हा कुणी नीट ओळखला नाही. १९५७ च्या सुरुवातीला त्याच्या गाडीचा किरकोळ अपघात झाला, तो एक शब्द बोलेना, पोलिसांनी बेल्व्ह्यू इस्पितळात नेला आणि तिथे तीन आठवडे ठेवलं. कार्ड असतं तर तो १९५२ मध्येच स्टार झाला असता असं काही नाही. पण कार्ड नसल्यामुळे 'हा विक्षिप्त आहे, याला कुणी बोलवत नाही' ही समजूत पक्की होत गेली, कारण लोकांना तो ऐकायलाच मिळत नव्हता.

सुटका करायला जो माणूस पुढे आला तो संगीतातला बडा कोणी नव्हता. हॅरी कोलंबी, शाळामास्तर. १९५५ पासून तो मंकचा मॅनेजर झाला, दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात मंक. त्याने आणि निकाने वकिलामार्फत कार्डासाठी खटपट लावली, आणि १९५७ मध्ये ते मिळालं. त्याच वसंतात नेलीचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं, ती इस्पितळात असताना मंक एक ट्यून रचत होता, तिच्या नावाची, आणि त्या ट्यूनमध्ये त्याने इम्प्रोव्हायझेशनला, म्हणजे आपण उपज म्हणतो तिला, जागाच ठेवली नाही. आयुष्यभर ती लिहिली तशीच वाजवली. जॅझवाला असं सहसा करत नाही. मला वाटतं काही गोष्टी त्याला हलू द्यायच्या नव्हत्या.

जुलै १९५७ मध्ये तो फाइव्ह स्पॉटमध्ये बसला. कूपर स्क्वेअरवरचा छोटा बार, मालक जो आणि इगी टर्मिनी हे भाऊ, गिऱ्हाईक म्हणजे आजूबाजूचे चित्रकार आणि कवी, डी कूनिंग वगैरे मंडळी तिथे यायची. सॅक्सवर त्याने घेतला जॉन कोल्ट्रेन, ज्याला त्याच वर्षी ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसने आपल्या बँडमधून नशेपायी काढून टाकलं होतं आणि जो नुकताच हेरॉइन सोडून बाहेर आला होता. कोल्ट्रेनने पुढे सांगितलंय की तो सकाळी मंकच्या घरी जायचा, मंकला उठवायचा, मंक पियानोवर बसून एखादी ट्यून वाजवायला लागायचा, कोल्ट्रेन ती शोधत जायचा, अडलं की मंक तेवढीच जागा परत वाजवायचा, अगदीच अडलं तर कागद काढायचा. म्हणजे तालीमच की ही, गुरूच्या घरी जाऊन घेतलेली, तीही स्वयंपाकघरातल्या पियानोसमोर. आणि रात्री तेच स्टेजवर. मंक कधी कधी मध्येच पियानो सोडून उठायचा आणि स्टेजवर गोल गोल नाचायचा, कोल्ट्रेन बेस-ड्रम्सवर एकटा वाजवत राहायचा, आणि मंकचा नाच म्हणजेच लय कुठे आहे त्याची खूण. काही आठवड्यांचं काम म्हणून ठरलेलं ते वर्ष संपेपर्यंत चाललं. लोक बाहेर रस्त्यावर उभे राहायला लागले.

या प्रकरणातला सगळ्यात मोठा पुरावा मात्र अठ्ठेचाळीस वर्षं एका खोक्यात पडून होता. २९ नोव्हेंबर १९५७ ला कार्नेगी हॉलमध्ये एक मदतनिधी कार्यक्रम झाला, मंकचं क्वार्टेट, म्हणजे चार जणांचा बँड, त्यात होतं, व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओने टेप केला आणि तो टेप विसरला गेला. २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये तो सापडला. त्या रात्रीच्या यादीत बिली हॉलिडेचंही नाव आहे, दहा वर्षं कार्ड नसलेली बिली. त्या टेपवर मंक आणि कोल्ट्रेनला ऐकलं की कळतं काही महिन्यांची रोजची साथ म्हणजे काय. कुठे अडखळणं नाही, कुणी कुणाकडे बघतोय असं वाटत नाही, मंक गप्प बसतो तिथे कोल्ट्रेन बरोबर त्या जागेला वळसा घालून जातो, शॅडो विल्सन मागे इतका हलका की ड्रम्स आहेत हे विसरायला होतं. ट्यून्स तितक्याच अवघड आहेत. तेरा महिन्यांपूर्वी कात्रीने जोडावं लागलं होतं, इथे एकाच दमात वाहतंय. माझ्यासाठी कार्डाने काय हिरावून घेतलं होतं त्याचं माप या दोन रेकॉर्डिंग्जमधल्या अंतरात आहे, आणि सहा वर्षांत असे किती बँड होऊ शकले असते तो हिशोब करवत नाही.

हे इथेच संपायला हवं होतं पण संपलं नाही. ऑक्टोबर १९५८ मध्ये मंक, निका आणि सॅक्सोफोनिस्ट चार्ली राउज गाडीने बाल्टिमोरला कार्यक्रमाला निघाले होते. डेलावेअरमध्ये न्यू कॅसलपाशी मंकला तहान लागली, गाडी एका मोटेलपाशी थांबवली, पाणी मागायला तो आत गेला. एक धिप्पाड काळा माणूस, फारसं न बोलणारा, जाईना. पोलीस आले. गाडीत परत बसल्यावर तो उतरेना म्हणून त्याला मारलं, हातांवर मारलं, पियानिस्टच्या हातांवर. गाडीत थोडा गांजा सापडला, निकाने तो स्वतःच्या अंगावर घेतला, तिला तीन वर्षांची शिक्षा लागली आणि ती अपिलात १९६२ मध्ये सुटली. सात वर्षांपूर्वी मंकने बडसाठी जे केलं तेच आता कुणीतरी मंकसाठी केलं. आणि न्यूयॉर्क पोलिसांनी त्याचं कार्ड परत काढून घेतलं, ते १९६० मध्ये मिळालं.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं. १९६२ मध्ये कोलंबिया या मोठ्या रेकॉर्ड कंपनीचा करार, फेब्रुवारी १९६४ मध्ये टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर, जगभर दौरे, आणि सत्तरच्या दशकात हळूहळू आलेलं मौन. शेवटची काही वर्षं तो निकाच्या न्यू जर्सीतल्या वीहॉकनच्या घरी राहिला, खोलीत पियानो होता पण जवळजवळ हात लावला नाही, आणि १७ फेब्रुवारी १९८२ ला गेला. कॅबरे कार्डाचा नियम १९६७ मध्ये रद्द झाला, सत्तावीस वर्षं चालला.

बड पॉवेल १९५९ मध्ये पॅरिसला गेला आणि पाच वर्षं तिथे राहिला. तिथे तो आजारी होता, हात पूर्वीसारखे धावत नव्हते. डिसेंबर १९६१ मध्ये त्याने एक रेकॉर्ड केली, नाव 'अ पोर्ट्रेट ऑफ थेलोनिअस', त्यात मंकच्या चार ट्यून्स आहेत. एकेकाळी सगळ्यात वेगवान असलेला माणूस तिथे मंकसारखा थांबत थांबत वाजवतो.